गोव्यातला सकाळचा धूर येतो कुठून? उपग्रहाच्या चित्रांवरून माग काढणाऱ्यांसाठी धागा

म्हादईकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारी निम्मा सरला की सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत सकाळी उठल्याउठल्या घसा खवखवतो आणि समोरचा डोंगर दिसेनासा होतो, हे इथे राहणाऱ्यांना नवीन नाही. दर वर्षी त्याच गप्पा होतात, कोणी म्हणतं काजूवाले जाळतात, कोणी म्हणतं कचऱ्याचे ढीग पेटतात, कोणी म्हणतं सगळं घाटावरून येतं, आणि कोणी म्हणतं धूर कसला, धुकं आहे ते. प्रत्येक जण आपल्या अंगणातून दिसतं तेवढ्यावर बोलतो. पण आता उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, मोबाईलवरही उघडतात, तर आपण सगळ्यांनी मिळून नीट बघूया म्हणून हा धागा.

सुरुवात नासाच्या फर्म्स नकाशापासून करा. त्यावर लाल ठिपके दिसतात ते जमिनीवरच्या उष्णतेचे. टेरा (१९९९ ला सोडलेला) आणि अक्वा (२००२) या जुन्या उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे, त्याचा ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ यांच्यावर व्हायर्स आहे, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे गोव्यासारख्या चिंचोळ्या मुलखाला व्हायर्सच कामाचं. उपग्रह डोक्यावरून गेला की साधारण तीन तासांत ठिपका नकाशावर येतो. आणि धूर बघायचा तर नासाचंच वर्ल्डव्ह्यू उघडा, तिथे रोजचा खऱ्या रंगातला फोटो असतो आणि तारीख मागे नेता येते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात साट्रेच्या बाजूला आग लागून पुढे पूर्व गोव्यात जागोजागी वणवे पेटले होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादलीने पाणी ओतत होती, ते दिवससुद्धा अजून तिथे काढून बघता येतात, नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन.

आता खरी गोम. व्हायर्सवाले तिन्ही उपग्रह आपल्यावरून जातात दुपारी दीडच्या आगेमागे आणि रात्री दीडच्या आगेमागे. आपल्याला धूर जाणवतो सकाळी सहा ते नऊ. म्हणजे ज्या वेळी आपण खोकतो त्या वेळी वर कोणी बघणारा नसतो, आणि जेव्हा तो बघतो तेव्हा खारे वारे सुरू होऊन सकाळचं चित्र पार बदललेलं असतं. त्यामुळे दुपारचा फोटो उघडून "गोव्यावर धूर नाहीच की" असं म्हणणारे आणि तोच फोटो दाखवून "बघा सगळा धूर कर्नाटकात" म्हणणारे, दोघांचंही पाऊल चुकीच्या जागी पडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग चर्चा करू. सकाळी नाकात जाणारा धूर बहुतेक त्याच खोऱ्यातला असतो, आदल्या संध्याकाळी-रात्री पेटलेल्या आगीचा. आणि दुपारी आभाळ जे पांढुरकं दिसतं त्यात लांबच्या धुराचा वाटा मोठा असतो. ही दोन प्रकरणं वेगळी आहेत आणि ती वेगळी धरली नाहीत तर भांडण कधीच मिटणार नाही.

अंत्रूजकर

छान धागा, वाचनखूण साठवली. एक प्राथमिक शंका. फोंड्याच्या बाजूला सकाळी कुळागरांवर जे पांढरं असतं ते मला तरी धुकंच वाटतं, दव पण पडलेलं असतं. फोटोत धुकं आणि धूर वेगळे कसे ओळखायचे? मी वर्ल्डव्ह्यू उघडलं तर मला सगळंच पांढरं दिसलं, समुद्र तर चांदीसारखा चमकत होता, तो धूर का?

म्हादईकाठ

अंत्रूजकर, तो चमकणारा समुद्र म्हणजे सूर्याचं प्रतिबिंब, उपग्रह आणि सूर्य एका ठरावीक कोनात आले की समुद्राचा एक पट्टा असा उजळतो. त्याला धूर समजायचं नाही. दुसऱ्या दिवशीचा फोटो काढलात की पट्टा सरकलेला दिसेल.

धुक्याला कडा असते. नदीच्या खोऱ्यात ते अगदी कापून ठेवल्यासारखं बसतं, मांडवीच्या, म्हादईच्या वळणांबरोबर वळतं, रंग स्वच्छ पांढरा आणि खालची जमीन अजिबात दिसत नाही. धूर निळसर-करडा असतो, त्याच्या आरपार जमीन दिसते, आणि ताजा असेल तर एका टोकाला अरुंद आणि वाऱ्याच्या दिशेला पसरत गेलेला असतो. तिसरा प्रकार धुळीचा, ती पिवळट-तपकिरी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईचं आभाळ भरलं होतं ते आठवत असेल, तेव्हाचे फोटो काढून ठेवा, एकदा धुळीचा रंग डोळ्यात बसला की मग गोंधळ होत नाही.

आणि एक युक्ती सांगतो जी मला फार उपयोगी पडली. धूर जमिनीवर शोधू नका, समुद्रावर शोधा. फेब्रुवारीतली आपली जमीन वाळलेली, तांबडी-पिवळी, तिच्यावर पातळ धूर उठून दिसत नाही. समुद्र काळा, त्याच्यावर थोडासाही धूर दुधाळ दिसतो. टेराचा फोटो सकाळचा असतो, रात्रभर मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहिलेले असतात, तर रात्रीचा धूर तेव्हा किनाऱ्याबाहेर गेलेला सापडतो. समुद्रावर दमट हवेची धूसरता असतेच, त्यामुळे एकच फोटो बघून काही ठरवू नये, आठवडाभराचे लावून बघावेत.

खानापूरकर

घाटावरचं मी सांगतो, नाहीतर सगळे आमच्या नावाने बोटं मोडणार. आमच्या बाजूला दोन हंगाम आहेत. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी भागात ऊस, तिथे गाळप हंगामात तोड झाली की शेतकरी पाचट पेटवतात. ते पेटवतात दुपारनंतर किंवा संध्याकाळी, आणि वाळलेलं पाचट इतकं भरभर जळतं की एकराचा तुकडा अर्ध्या-पाऊण तासात खलास. दीड वाजता उपग्रह गेला, साडेचारला पाचट पेटलं, रात्री दीडला उपग्रह परत आला तोवर राख थंड. म्हणजे ठिपका नाही पण धूर मात्र हवेत. दुसरा हंगाम जंगलाचा, फेब्रुवारी ते एप्रिल, खानापूरच्या पश्चिमेला भीमगडचं अभयारण्य थेट तुमच्या म्हादईला लागून आहे, आगीला राज्याची हद्द कळत नाही, इकडची आग तिकडे आणि तिकडची इकडे दोन्ही होतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. आमचा धूर रात्री पश्चिमेला सरकला तर तो तुमच्या डोक्यावरून जातो, नाकातून जाईलच असं नाही. म्हादईकाठ दादा म्हणतात ते त्यामुळे मला पटतं.

सुलभा काजूभाट

मी फार टेक्निकल लिहिणार नाही पण काजूवाल्यांचं नाव आलं म्हणून लिहिते. आमचं भाट सत्तरीत आहे. काजूची बी गळायला लागायच्या आधी झाडाखालचं रान साफ करावंच लागतं, नाहीतर बोंडू पडतो तो पाल्यात, बी दिसत नाही आणि साप-विंचवाची भीती वेगळी. तर आम्ही खाली वाढलेली झुडपं कापतो, पाला बुंध्यापासून लांब ओढून मोकळ्या जागेत ढीग करतो, ढिगाच्या भोवती हातभर रुंद पट्टा मातीपर्यंत खरवडून काढतो, आणि पेटवायचं ते सकाळी, दव असताना, वारा सुटायच्या आधी. हातात हिरवी फांदी, बाजूला पाण्याची कळशी, आणि पूर्ण विझेपर्यंत माणूस हलत नाही. माझ्या सासऱ्यांनी हे शिकवलं आणि आजही आमच्याकडे तसंच चालतं. कुणी निष्काळजीपणे दुपारी वाऱ्यात पेटवत असेल तर त्याला मी पाठीशी घालणार नाही. पण जंगलात ठिपका दिसला आणि जवळ भाट आहे म्हणून लगेच बोट भाटाकडे, हे बरोबर नाही. बऱ्याच जणांचं वर्षाचं उत्पन्न त्या झाडांवर आहे, आपलीच बाग कोण कशाला पेटवेल?

दोडामार्ग तिठा

सुलभाताईंशी सहमत. आमच्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीला भाजावळ असते, तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-पाचोळा, शेण, बारीक फांद्या पसरून जाळतात म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं, पिढ्यानपिढ्या चालत आलंय. ते मार्चपासून मे पर्यंत. त्याचा धूर तिळारीच्या खोऱ्यात साठतो, हे मी नाकारत नाही. पण त्यापेक्षा मोठी आग लागते ती सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या सपाटीवर, सुकलेल्या गवताला, आणि ती कोणी लावली हे बऱ्याचदा कळतच नाही, रस्त्यावरून जाणारा बिडीचं थोटूक टाकतो आणि डोंगर जातो. सड्याची आग रात्री लांबून सापासारखी रांगताना दिसते. तर माझा प्रश्न असा, नकाशावरून सड्याची आग, भाजावळ आणि जंगलातली आग यातला फरक कळतो का?

नकाशेवाला

दोडामार्ग भाऊ, ठिपक्यावरून एकट्याने नाही कळत. मी नकाशांचं काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ठिपका म्हणजे आगीची जागा असं नसतं, तो त्या चौकोनाचा मधला बिंदू असतो. आग ३७५ मीटरच्या चौकोनात कुठेही असू शकते, आणि उपग्रह बाजूने तिरका बघत असेल तर चौकोन आणखी मोठा होतो, व्हायर्सचा कडेला जवळजवळ ८०० मीटरपर्यंत जातो, मोडिसचा तर चार-पाच किलोमीटर रुंद होतो. आता सत्तरीत ३७५ मीटरच्या आत भाट, सडा आणि अभयारण्याची हद्द तिन्ही सहज येतात. सुलभाताई म्हणतात तो अन्याय इथेच होतो, ठिपका भाटात पडला म्हणून आग भाटात लागली असं म्हणायला त्या नकाशात काहीच आधार नाही.

उलट बाजूही आहे. ताईंचा ढीग सकाळी आठला पेटतो आणि दहाला विझतो, तो व्हायर्सच्या कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. असे ढीग एका सकाळी अख्ख्या खोऱ्यात पेटले तर ठिपका शून्य आणि धूर भरपूर. म्हणून ठिपके मोजून धुराचा हिशोब लावता येत नाही. तसंच दाट सदाहरित जंगलात आग जमिनीवरच्या पाल्यात सरपटते, वरून झाडांचं छत, ती उष्णता वर पोचत नाही आणि आग दिवसभर जळत राहिली तरी नकाशा कोरा राहू शकतो. सड्याचं उघडं गवत मात्र लगेच सापडतं. थोडक्यात ज्या आगीने जंगलाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, तीच नकाशात लपण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक ठिपक्याबरोबर एफआरपी असतो, मेगावॉटमध्ये, म्हणजे आग किती जोराने जळतेय. गवत जोरात जळतं आणि संपतं. ओंडके आणि पाला धुमसतो, उष्णता कमी आणि धूर जास्त. म्हणजे एफआरपी कमी दिसला म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, सकाळच्या धुराच्या दृष्टीने धुमसणारीच आग वाईट. आणि एकाच जागी वर्षभर ठिपका दिसत असेल, पावसाळ्यातसुद्धा, तर ती भट्टी किंवा कारखाना, तो सोडून द्या.

काय जळलं ते नंतर बघायला युरोपचा सेंटिनेल-२ वापरा, कोपर्निकस ब्राउझरवर फुकट आहे. साधे रंग १० मीटरला आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड २० मीटरला मिळतं, दर पाच दिवसांनी एक फेरी, आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडवालं चित्र लावलं की जिवंत आग नारिंगी चमकते आणि जळलेली जमीन काळपट-तांबूस दिसते. फक्त गोव्यात एक फसगत आहे, जांभ्या दगडाचा उघडा सडा मुळातच गडद दिसतो, आणि डिचोलीकडच्या खाणींचे भाग पण. तर आगीच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी-शेजारी ठेवूनच बोला. आणि हे काम लगेच करा, गवताचा डाग काही आठवड्यांत फिका होतो आणि पहिल्या पावसानंतर हिरवळ आली की पुरावाच राहत नाही.

अंत्रूजकर

बापरे, केवढं लिहिलंत. देव बरें करूं. सुलभाताईंच्या ढिगाचा मुद्दा डोक्यात बसला.

पर्वरीचा वारा

मी जरा वेगळं म्हणतो. एवढे उपद्व्याप कशाला, पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा आकडा बघा ना, हवेच्या ॲपवर रंगीत नकाशा येतो, त्यात गोवा हिरवा असतो बहुतेक वेळा. म्हणजे धूर तेवढा नाहीच. आकड्याला भावना नसतात.

म्हादईकाठ

पर्वरी, आकडा हवाच, पण तो आकडा कुठून आला ते बघायला हवं. ॲपवरचा रंगीत नकाशा बऱ्याचदा कॅम्ससारख्या जागतिक मॉडेलवरून काढलेला असतो. त्याचा एक चौकोन साधारण चाळीस किलोमीटरचा. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साठेक, म्हणजे अख्खं राज्य मोजक्या चौकोनांत संपतं, आणि त्यातले काही अर्धे समुद्रात. वाळपईच्या खोऱ्यात सकाळी सात वाजता काय साठलंय ते अशा चौकोनाला कसं कळणार? जमिनीवरचं यंत्र असेल तर उत्तम, पण ते यंत्र किनाऱ्याजवळच्या शहरात असलं तर ते तिथलीच हवा सांगणार.

तसंच उपग्रहाचा एओडी नावाचा थर असतो, हवेत एकूण किती कण आहेत त्याचा. तो जमिनीपासून आभाळापर्यंतच्या सगळ्या हवेचा मिळून असतो. खानापूरकरांनी म्हटलं तसं घाटावरचा धूर दीड किलोमीटर उंचीवरून जात असेल तर एओडी जास्त येईल आणि खाली आपण स्वच्छ हवा घेत असू. आणि सकाळी बरोबर उलटं, धूर जमिनीलगत पातळ थरात दाबलेला, एकूण बेरीज कमी, पण त्रास सगळ्यात जास्त. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा उबदार, मग पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच अडकतो. नऊ-दहाला ऊन तापलं की झाकण उघडतं, धूर वर पांगतो, आणि दीडला उपग्रह येतो तेव्हा तो त्या पांगलेल्या धुराचा फोटो घेतो. हिरवा रंग बघून सत्तरीतल्या माणसाला "तुला होतो तो त्रास खोटा" असं सांगू नका एवढीच विनंती.

पर्वरीचा वारा

तसं म्हणायचं नव्हतं. चौकोनाचा मुद्दा मान्य आहे. पण मग सकाळचं दाखवणारं काहीच नाही का?

सह्यवेडा पुणे

आहे की. आपले इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी २०२४ ला गेलेला) हे भूस्थिर उपग्रह आहेत, म्हणजे एकाच जागी राहून दर अर्ध्या तासाला फोटो पाठवतात, इस्रोच्या अहमदाबादच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर मिळतात. तोटा असा की उष्णता बघण्याचा चौकोन चार किलोमीटरचा, लहान आग दिसत नाही. उजेडाचा फोटो एक किलोमीटरचा, सकाळी ऊन वर आल्यापासून धुराचा पट्टा कसा सरकतोय ते कळू शकतं.

वेळेचा हा घोळ फक्त आपला नाही. पंजाब-हरियाणात भाताचं काड जाळतात त्याची मोजणी अशाच दुपारच्या ठिपक्यांवर होत होती. २०२४ मध्ये नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रं दाखवून सांगितलं की दुपारचा उपग्रह गेल्यावर तिथे आगी वाढतायत. म्हणजे ठिपके कमी झाले म्हणून जाळणं कमी झालं असं धरता येईना. खानापूरकरांचं साडेचारचं पाचट म्हणजे तोच प्रकार, इथे कोणी मुद्दाम वेळ साधत नसेल, पण मोजणीत सुटतं ते सुटतंच.

युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी या उपकरणाचा कार्बन मोनॉक्साइडचा थर पण बघा, तो वायू हवेत आठवडे टिकतो, त्यामुळे लांबून येणाऱ्या धुराची वाट त्यात चांगली दिसते. वाऱ्याचा मागोवा घ्यायला अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचं हायस्प्लिट हे मॉडेल आहे, गावाचं ठिकाण आणि वेळ दिली की हवा आदल्या दिवशी कुठून आली ती रेघ काढून देतं. वेगवेगळ्या उंचीच्या तीन रेघा काढा, शंभर, पाचशे आणि दीड हजार मीटर. खालची रेघ आणि वरची रेघ वेगवेगळीकडून आलेली दिसली की खानापूर आणि सत्तरी दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं असतं ते लक्षात येईल. फक्त त्या मॉडेलला आपल्या घाटाची बारीक खोरी दिसत नाहीत, म्हणून शंभर मीटरच्या रेघेवर फार भार टाकू नका.

रानवाट

सगळं वाचलं, उत्तम चाललंय. पण मला काळजी वेगळी आहे. धूर कुठून आला हे दुसऱ्या दिवशी कळून जंगल वाचत नाही. ठिपका दिसला की त्या क्षणी काय करायचं ते इथे लिहिलं पाहिजे.

भारतीय वन सर्वेक्षणाचं, देहरादूनचं, वन अग्नी नावाचं पोर्टल आहे, ते मोडिसच्या सूचना २००४ पासून देतात आणि व्हायर्सच्या २०१७ पासून. त्यात सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं, आपला जिल्हा निवडला की मोबाईलवर मेसेज येतो. फर्म्सवर पण आपल्याला हवा तेवढा चौकोन आखून ईमेल मागवता येतो. पण रात्री दीडचा ठिपका तुमच्यापर्यंत येईतो पहाट होणार, म्हणून डोळ्याने दिसलेली आग कधीही आधी कळवा, उपग्रहाची वाट बघू नका. ११२ ला फोन, जवळच्या रेंजच्या वन कार्यालयाचा नंबर आधीच मोबाईलमध्ये, आणि सांगताना "डोंगर पेटलाय" एवढंच सांगू नका. कुठल्या वाड्याच्या वर, ओहळाच्या कुठल्या अंगाला, वारा कुठून कुठे, वर जायची पायवाट कुठून आहे, हे सांगा. विझवायला जाणारी माणसं पायी जातात, पाठीवर पंप नाहीतर हातात फांद्या. बाकी हेलिकॉप्टर वगैरे फार पुढची गोष्ट.

आणि जानेवारीतच जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत साफ केलेले पट्टे, काढल्या तर पुढचं बरंच टळतं. गावाने खात्याला आपणहून दाखवावं की दर वर्षी आग इकडून वर चढते. त्यासाठी मागच्या हंगामांचे ठिपके एका नकाशावर टाकून ग्रामसभेत न्या. एका वर्षाच्या ठिपक्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पाच-सहा वर्षं त्याच उतारावर ठिपके येत असतील तर कोणालाही पटतं. कोणी लावली ते विचारायला हा नकाशा वापरू नका, कुठे अडवायची ते ठरवायला वापरा.

सुलभा काजूभाट

रानवाट, हे फार आवडलं. आमच्या वाड्यावर वरच्या सड्यावरून आग खाली उतरते ती नेहमी एकाच घळीतून, सगळ्यांना माहीत आहे पण कागदावर कुठे नाही. असा नकाशा कोणी करून दिला तर मी ग्रामसभेत घेऊन जाईन, बायकांना घेऊन जाईन.

नकाशेवाला

ताई, मी करून देतो. गावाचं नाव इथे उघड लिहू नका, निरोपातून पाठवा. फर्म्सच्या जुन्या साठ्यातून २०१२ पासूनचे व्हायर्सचे ठिपके मिळतात, सड्याची हद्द सेंटिनेलवरून आखतो. घळ तुम्ही कागदावर पेनाने काढून फोटो पाठवा, नकाशात ती नुसती सावली दिसते.

केरीची आई

मी नुसतीच वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मुलाला दमा आहे, सात वर्षांचा आहे. शाळेची बस पावणेसातला येते, म्हणजे बरोबर त्याच वेळी तो रस्त्यावर उभा असतो. मला कुठून आलं, कोणी लावलं यात काही रस नाही, मला फक्त आदल्या रात्री कळायला हवं की उद्या सकाळी धूर असणार आहे का. हे उपग्रहावरून कळतं का हो?

म्हादईकाठ

ताई, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पक्कं कोणी सांगू शकणार नाही, पण अंदाज बांधता येतो. रात्री झोपायच्या आधी तीन गोष्टी बघा. दुपारी दीडच्या फेरीत तुमच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत, विशेषतः पूर्वेला चोर्ल्याच्या अंगाला ठिपके आहेत का, फर्म्सवर ते संध्याकाळपर्यंत आलेले असतात. मग घराबाहेर येऊन बघा, संध्याकाळी डोंगरात कुठे धूर किंवा जाळ दिसतोय का, कारण दीडच्या फेरीनंतरचं उपग्रहाला दिसलेलं नसतं. आणि आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला आहे का. आग जवळ, आभाळ मोकळं, वारा नाही, हे तिन्ही जुळलं तर सकाळी खोऱ्यात धूर साठणार असं धरूनच चाला. ढग असतील किंवा रात्रभर वारा असेल तर तेवढा साठत नाही. शक्य असेल तर त्या दिवशी त्याला थोडं उशिरा, ऊन वर आल्यावर नेता येतं का ते शाळेशी बोलून ठेवा, आणि औषधाचं डॉक्टरांनी सांगितलंय तसंच.

बाकी सगळ्यांना एक विनंती. या ताईंसाठी तरी आपण नोंदी ठेवूया. रोज सकाळी सात वाजता आपापल्या गावातून एक ओळ लिहा, धुराचा वास आहे का, वारा कुठून, आणि ठरलेला एक डोंगर दिसतो का. केरी-ठाणे भागातल्यांनी वाघेरी धरा, बाकीच्यांनी आपापला. मी त्या ओळी आदल्या दुपारच्या आणि रात्रीच्या ठिपक्यांशेजारी मांडत जाईन. फर्म्सचा ईमेल लावताना चौकोन गोव्यापुरता आखू नका, अक्षांश १४.८ ते १६.० आणि रेखांश ७३.६ ते ७४.८ एवढा घ्या, म्हणजे दोडामार्ग, खानापूर, बेळगाव सगळं आत येतं.

खानापूरकर

घाटाच्या वरची ओळ माझ्याकडे लागली. संध्याकाळचं पाचट पण लिहीन, किती वाजता आणि कुठल्या दिशेला.

केरीची आई

धन्यवाद दादा. वाघेरी आमच्या दारातूनच दिसतो, मी लिहीन. ठिपका बघायचं मोबाईलवर जमलं, पण वेळ चुकीची दाखवतंय का, दुपारचा ठिपका सकाळी आठचा दिसतोय.

नकाशेवाला

ताई ती वेळ ग्रिनिचची आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवा. आठ वाजता दिसतोय म्हणजे आपला दीडचा.